‘दार आपटू नका’ची पहिली खेप

ही गोष्ट १९७९ सालची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ग्रामोफोनच्या रेकॉर्डी बनवणाऱ्या कारखान्यात ऐकण्याच्या कामाला होते. हे सांगितलं की आजकालची मुलं हसतात. ऐकायचे पैसे मिळायचे? मिळायचे. आणि ऐकता ऐकता हसलं की ओरडाही मिळायचा.

कारखान्याच्या खालच्या शेडमध्ये वाफेवर चालणारी दाबयंत्रं होती. काळ्या प्लॅस्टिकचा गरम गोळा दोन धातूच्या साच्यांमध्ये ठेवायचा, वर-खाली कागदी लेबलं लावायची, की यंत्राचा जबडा मिटायचा. फुस्स करून वाफ सुटायची आणि जबडा उघडला की आत चकचकीत रेकॉर्ड. दिवसभर तिथे फुस्स-फुस्स, घाम आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, आमची ऐकण्याची खोली. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या, दोन टेबलं, दोन रेकॉर्ड प्लेअर, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी आणि दुसरीवर माझी सख्खी मावशी.

मावशीच्या कानांना अख्खा कारखाना वचकून असे. शेडमधली पोरं म्हणायची, खाली मुंगी शिंकली तरी मावशी वरून हटकेल. ती सकाळी कुरकुरीत काही खायची नाही, कान बधिर होतात म्हणून. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि तिनेच शब्द टाकून त्या खुर्चीवर बसवलं. बसून करायचं, स्वच्छ, पंख्याखालचं काम. खालच्या निम्म्या मुलींचा त्या खुर्चीवर डोळा होता.

पहिल्या दिवशी मावशीने मला एकच नियम सांगितला होता. “आवडनिवड जिन्याखाली ठेवून वर यायचं. गाणं चांगलं की वाईट ते गिऱ्हाईक बघेल. आपण फक्त बघायचं, आपल्या यंत्राने काही बिघडवलंय का. खरखर, टिचकी, दणका. नसेल तर हिरवी चिठ्ठी, असेल तर लाल. विषय संपला.”

नव्या खेपेच्या पहिल्या खोक्यातली एक रेकॉर्ड ती ऐकायची, एक मी. लाल चिठ्ठी निघाली की खेप थांबायची आणि चक्कीत जायची. चक्की म्हणजे रेकॉर्डी दळून त्यांचे पुन्हा दाणे करणारं यंत्र. त्या दाण्यांतून दुसऱ्याच कुणाची तरी रेकॉर्ड निघायची. आमच्या दोघींच्या चिठ्ठ्या कधी वेगळ्या निघाल्या नव्हत्या. कारण सोपं होतं. मी माझी चिठ्ठी लिहिण्याआधी हळूच मावशीच्या चिठ्ठीचा रंग बघायचे.

आमच्या रेकॉर्डींवर असायची ती मोठ्या लोकांची भाषणं, संथ वाद्यवृंद, परक्या भाषा शिकवणारे धडे. ‘माझी छत्री कुठे आहे?’ हे मला त्या वर्षी चार भाषांत म्हणता येत होतं. छत्री मात्र माझ्याकडे नव्हती.

अशात एका सकाळी माझ्या टेबलावर एक रेकॉर्ड आली. बँडचं नाव ‘मागचा बाक’. अल्बमचं नाव ‘दार आपटू नका’. मी सुई टेकवली आणि कानात असा दणका बसला की मी खुर्चीत उडाले. धाडकन कुठलंसं दार आपटलं होतं. मी सावरते तोवर गिटार सुरू झालं. गिटार कसलं, लाकडाच्या वखारीतली करवत! मागे कुणी डबे बडवावेत तसे ड्रम. आणि त्या सगळ्या कल्लोळावर एका मुलीचा आवाज, शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरी ओरडतात तसा. पण त्या ओरडण्याला चाल होती, आणि चाल इतकी गोड की एकदा ऐकून तोंडात बसावी.

“तुम्ही म्हणता गप्प बस,
आम्ही बसतो, गप्प नाही!”

पहिलं गाणं मी नीट बसेपर्यंत संपलंसुद्धा. लगेच दुसरं. एक गाणं बसस्टॉपवर थांबूनही न आलेल्या मुलावर. एक कामावरच्या घंटेवर. एक नुसतं ‘मला नाही यायचं पाहुण्यांकडे’ एवढंच, चढत्या पट्टीत पुन्हा पुन्हा. एवढ्या थोर लोकांची भाषणं मी ऐकली होती, पण माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. या पोरीला मी कोण ते ठाऊक नव्हतं आणि तरी ती माझ्याच घरातलं बोलत होती. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याशी माझे पाय टेबलाखाली आपोआप हलत होते. रेकॉर्डमध्ये यंत्राने बिघडवलेलं काही नव्हतं. मी हिरवी चिठ्ठी लिहिली. मावशीची बघितलीच नाही.

थोड्याच वेळात मुकादम दोन्ही चिठ्ठ्या हातात नाचवत वर आला.

“मावशी, ही काय भानगड? तुमची लाल, भाचीची हिरवी. पोरगी बहिरी झाली की तुम्ही म्हाताऱ्या झालात?”

“म्हातारा तुझा सासरा,” मावशी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “सुरुवातीचा दणका ऐकलास?”

“ऐकला.”

“मग?”

“तो गाण्यातलाच आहे.”

“गाण्यात दणका कशाला असेल?”

“मावशी, तू पुढचं ऐकलंस का?”

“पुढचं कशाला ऐकू? पहिल्याच घासाला खडा लागला तर आपण ताट संपवतो का?”

मुकादम खो-खो हसला. मावशीचा शब्द तो शब्द. “उद्या दुपारी चक्कीत,” असं म्हणून त्याने माझी हिरवी चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकली. मला राग आला तो चिठ्ठीचा नव्हे. दळायची म्हणजे त्या मुलीचा आवाज दळायचा, आणि त्या दाण्यांतून उद्या छत्रीचा धडा निघायचा.

संध्याकाळी सुटल्यावर फाटकाशी गलका ऐकू आला. एक हातगाडी उभी होती आणि तिघंजण पहारेकऱ्याशी भांडत होते. आपली खोकी न्यायला आले होते आणि माल बाद झाल्याचं त्यांना तिथेच कळलं होतं. पुढे होती ती मुलगी काडीसारखी बारीक. तिला सगळे काडीच म्हणायचे. केस स्वतःच्या हाताने कापलेले असावेत, कारण दोन बाजूंचं आपसांत पटत नव्हतं. तिच्यामागे घाऱ्या डोळ्यांचा बोका, तो गिटार वाजवायचा. हातगाडीच्या दांड्यावर बसलेला जाडा मुलगा डबा, तो ड्रमवाला.

“बाद म्हणजे?” काडी ओरडत होती. तोच आवाज! “आम्ही काय टोमॅटो पाठवले होते का?”

“त्यात दणका आहे म्हणे,” पहारेकरी म्हणाला.

“तो दणका आमचा आहे! आमच्या दाराचा! मुद्दाम घातलाय!”

“कुणाला सांगितलंत का तसं?” मी मध्येच विचारलं.

तिघंही माझ्याकडे वळले. “सांगायचं काय त्यात?” डबा म्हणाला. “अल्बमचं नाव ‘दार आपटू नका’, आणि सुरुवातीला दार आपटतं. शेंबड्या पोरालाही कळेल.”

“तू कोण?” काडीने मला विचारलं.

“मी वर ऐकते.”

“काय ऐकतेस?”

“सगळं. तुमचंही ऐकलं. मी पास केलं होतं. मावशीने नाही केलं.”

“मग तुझ्या मावशीला म्हणावं, कान धुऊन घे.”

“मावशीला काही बोलायचं नाही हं,” मी म्हणाले. ती जरा चपापली.

मग बोका बोलला. पुढच्या आठवड्यात तो जहाजावर जाणार होता, स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून. घरच्यांनी ठरवलेलं, तीन वर्षांसाठी. बँड तिथेच संपत होता. “आम्ही तिघं एकत्र वाजवलेलं एवढंच आहे,” तो म्हणाला. “टेपसुद्धा स्टुडिओवाल्याने पुसून दुसऱ्याला दिली. हे दळलं की मागे काहीच नाही उरणार.”

मी उलटी फिरले. मावशी नेहमीसारखी सर्वांत शेवटी जिना उतरत होती.

“मावशी, तुझा कान चुकलाय.”

हे वाक्य मी आधी कधी उच्चारलं नव्हतं. कारखान्यात कुणीच नव्हतं. मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, आता एक ठेवून देते.

“तो दणका म्हणजे त्यांचं दार आहे. खरंखुरं दार,” मी म्हणाले.

ती उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आली. मग म्हणाली, “कुठे आहे ते दार?”

अशी आमची वरात निघाली. पुढे रिकामी हातगाडी ढकलणारा डबा, त्याच्यामागे काडी आणि बोका, आणि त्यांच्यामागे कडक इस्त्रीच्या कपड्यांत, नाकासमोर बघत चालणारी मावशी. डब्याच्या भावाचं पंक्चर काढायचं दुकान होतं. मागच्या खोलीत जुन्या टायरांची रास, रबराचा वास, टायरांवर टेकवलेलं गिटार आणि कोपऱ्यात ड्रम. त्या खोलीला पत्रा ठोकलेलं जाड दार होतं.

“आपट,” मावशी म्हणाली.

काडीने दार आपटलं. भिंतीवरची साखळी खाली पडली.

मावशीने डोळे मिटले. “हे नाही. पुन्हा.”

“म्हणजे काय हे नाही? दार एकच आहे!”

“रेकॉर्डवर इतकं जोरात नाही. तू आत्ता माझ्यावर चिडून आपटतेयस. तेव्हा कुणावर चिडली होतीस?”

काडीने ओठ चावला. “बापावर.”

“मग तसं आपट.”

काडीने पुन्हा आपटलं. मावशीने मान हलवली. आणखी एकदा. डब्याचा भाऊ हातात पाना घेऊन आत आला. “दार मोडायचंय का?” म्हणाला आणि मावशीचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा बघून तसाच बाहेर गेला. पुढच्या वेळी काडीने दार आधी थोडं ओढलं, क्षणभर थांबली आणि मग सोडलं. धाड! आणि मागून पत्र्याची बारीकशी थरथर.

मावशीने डोळे उघडले. “हाच. थरथरीसकट हाच.” मग त्या तिघांकडे बघून म्हणाली, “गाढवांनो, टेपबरोबर चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. मी बावीस वर्षं दणके पकडतेय. मला काय स्वप्न पडणार आहे, की लोक आता दणके विकत देतात?”

“आता गाणी पण ऐकून बघा ना,” काडी म्हणाली.

“कशाला? माझं काम झालं.”

दुसऱ्या सकाळी मावशीने स्वतःच्या हाताने लाल चिठ्ठी फाडली आणि हिरवी लिहिली. तिने दिलेला निकाल फिरवल्याची बातमी वाफेपेक्षा जोरात पसरली. आम्हाला साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. एरवी ते रेकॉर्डी कधी ऐकत नसत, पण त्या दिवशी त्यांनी ही लावली होती, आणि नेमकं कामावरच्या घंटेचं गाणं चालू होतं. काडी केकाटत होती, “वाजव, वाजव, तुझी घंटा, माझे कान घरी आहेत!”

साहेबांनी सुई उचलली. “मावशी, आपल्या कारखान्याचं नाव या कचऱ्याच्या पाकिटावर छापलंय. भाषणवाल्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? लाल चिठ्ठी लिहा.”

“दोष काय लिहू?”

“काहीही लिहा.”

“काहीही लिहायला मी त्या खुर्चीत बसत नाही, साहेब. रेकॉर्ड स्वच्छ आहे.”

“तुम्हाला हे आवडतं?”

“आवडत नाही. पण ते विचारायचं काम माझं नाही. आणि खरं सांगायचं तर तुमचंही नाही.”

साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. चिठ्ठी असो वा नसो, खेप आजच दळायची असा त्यांनी हुकूम सोडला. मावशीला हात लावायची त्यांची छाती नव्हती. मी समोर होते. “हिनेच सुरुवात केली ना? कान फार तयार झालाय हिचा. आता जरा हात तयार होऊ देत. खाली लेबलं काढायला पाठवा.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “जाते.”

रेकॉर्ड दळण्याआधी तिच्या मधलं कागदी लेबल काढावं लागतं. कागदाचा एक कपटा जरी दाण्यांत गेला तरी पुढची रेकॉर्ड खरखरते. त्यासाठी शेडच्या टोकाला एक ओळ होती. प्रत्येक बाईसमोर पायाने दाबायचं यंत्र. रेकॉर्ड ठेवायची, पाय दाबायचा, मधला गोल कटकन खाली पडायचा. भोक पडलेलं कडं चक्कीत. ओळीची प्रमुख होती थोरली, चार मुलांची आई, भरदार आवाजाची.

माझ्यासमोर ‘दार आपटू नका’चं खोकं ठेवलं गेलं. मी पहिली रेकॉर्ड काढली, यंत्रावर ठेवली. पाय दांडीवर ठेवला. आणि काढून घेतला.

“काय गं, पायात काटा गेला का?” थोरली म्हणाली.

“मी हे नाही दाबणार.”

“मग मी दाबते, सरक.”

“तू पण दाबू नकोस, ताई. यात काहीच बिघडलेलं नाही. त्यांना फक्त आवडलेलं नाही.”

मला वाटलं होतं, मी एकटी पडेन. मला ठाऊक नव्हतं, की ती रेकॉर्ड दाबणाऱ्या पोरापोरींनी मुकादमाच्या प्लेअरवर चोरून ती आदल्या दिवसापासून सारखी वाजवली होती. पलीकडच्या यंत्रावरच्या मुलीने हळूच गुणगुणायला सुरुवात केली, ‘आम्ही बसतो, गप्प नाही.’ तिच्या शेजारणीने उचललं. मग पलीकडून कुणी हातोडीने खांबावर ताल धरला. मुकादम धावत आला, पण गुणगुणणाऱ्याचं तोंड मिटलेलं असतं. कुणाला पकडणार?

थोरली माझ्याकडे बघत होती. “माझी धाकटी रोज असंच दार आपटून जाते,” ती म्हणाली. “काय म्हणायचंय ते मला कधी सांगत नाही. या पोरीने निदान सांगितलं तरी.” आणि तिने पाय दांडीवरून उचलून दुसऱ्या पायावर ठेवला, घरी ओट्याशी उभ्या असलेल्या बायका ठेवतात तसा. ओळीतले सगळे पाय थांबले.

साहेब स्वतः खाली आले. “लेबलं काढा.”

“नाही काढत,” थोरली म्हणाली.

“कामावरून काढीन.”

“काढा की. मग लेबलं कोण काढेल?”

साहेबांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादमाला एकदम वाफेच्या नळाची काळजी वाटू लागली, तो निघून गेला. मग साहेबांनी कोट काढला, माझ्या यंत्राशी बसले आणि पाय दाबला. दांडी कशी दाबायची याची एक खुबी असते, ती पायाला माहीत असावी लागते. रेकॉर्डचे दोन तुकडे झाले आणि लेबल एका तुकड्याला चिकटून राहिलं. त्यांनी दुसरी घेतली. तिचे तीन तुकडे. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, त्यांना ओरडता आलं असतं. अख्खी शेड नुसती बघत उभी होती, आणि तिकडे भाषेच्या धड्यांची मोठी मागणी दाण्यांवाचून अडली होती.

जेवणाच्या घंटेआधी ते उठले. “न्या हा कचरा. पण पाकिटावरचं कारखान्याचं नाव काळं करून.” मग माझ्याकडे बोट दाखवलं. “आणि ही पुन्हा वर जाणार नाही. मी इथे आहे तोवर नाही.”

मावशी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. “मी बोलू त्यांच्याशी?” तिने विचारलं. तिला शब्द टाकायचा होता, पहिल्यासारखाच.

“नको,” मी म्हणाले. “मी दुसऱ्या यंत्रावर शिकीन.”

दुपारभर आम्ही मुलींनी पाकिटांच्या मागे काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. संध्याकाळी हातगाडी भरून बाहेर पडली. काडीने मला एक रेकॉर्ड दिली. आभार-बिभार मानले नाहीत. “मावशीला सांग, कान चांगले आहेत,” एवढंच म्हणाली.

त्या रेकॉर्डी त्यांनी बसस्टॉपवर, शाळा-कॉलेजांच्या फाटकांवर, पंक्चरच्या दुकानात विकल्या. फार नव्हत्या, पण एकेक रेकॉर्ड वर्गभर फिरली. पुढच्या दोन वर्षांत आमच्या भागात इतके बँड निघाले की सरावाला गॅरेज मिळेनात. प्रत्येकाच्या सुरुवातीला काही ना काही आपटत असे.

बोका ठरल्याप्रमाणे जहाजावर गेला. तीन वर्षांचा करार होता, राहिला वीस. आता एका बंदरात त्याची खानावळ आहे आणि तिथे गाणं लावायला बंदी आहे, जेवणारे जेवत नाहीत म्हणून. डब्याने भावाचं दुकान चालवलं. त्याला दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. काडी बसची चालक झाली, त्या मार्गावरची पहिली बाई. तिच्या बसमध्ये भांडण करून कुणी जिंकल्याचं मी ऐकलेलं नाही. बाप गेला तेव्हा ती त्याच्याजवळ होती, हे तिने मला आपणहून सांगितलं. तेवढंच सांगितलं.

थोरलीची धाकटी वकील झाली आणि आईशी अजूनही भांडते. मुकादमाने निवृत्तीनंतर सगळ्यांना सांगितलं, की ती खेप त्याने वाचवली. साहेब सहा वर्षांनी बदलून गेले. पुढे कॅसेटी आल्या आणि कारखाना बंद पडला.

मावशी त्याआधीच निवृत्त झाली. अगदी म्हातारपणी एकदा म्हणाली, “लाव बघू तुझी ती रेकॉर्ड, एकदाची ऐकते.” चौथ्या गाण्याशी हात वर करून म्हणाली, “बास. स्वच्छ आहे.” त्यापलीकडे मत दिलं नाही. ती ब्याऐंशी वर्षं जगली.

मी दाबयंत्रावर अकरा वर्षं काढली. हाताच्या पंजावर भाजल्याचे डाग आहेत, नातवंडं विचारतात. नवे साहेब आल्यावर मुकादमाने एका पोराबरोबर निरोप पाठवला होता, की विनंती केलीस तर तुझी वरची खुर्ची परत मिळेल. मी त्या पोराला म्हणाले, खुर्ची माझी आहे असं त्यांना वाटत असेल तर खाली पाठवून द्या म्हणावं. ती कुणी पाठवली नाही, आणि विनंती करायला मी तो जिना चढले नाही.